जयंतीअक्कांनी बाळाला हात लावला नाही

जयंतीअक्का पर्यवेक्षिकेच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाल्या. काल त्यांच्या शिक्षिकेने त्यांना तसं कळवलं आणि अक्कांनी लगेच मला पुण्याला फोन केला.

तंजावूरला मी गेलो होतो राजवाडा आणि तिथलं ग्रंथालय पाहायला. तिरुचीहून बसने दीडेक तास लागतो. खिडकी डावीकडची घ्या, भातशेती छान दिसते. राजवाड्यामागच्या गल्लीत मित्राच्या मराठी नातलगांकडे उतरलो. जयंतीअक्का त्या घरच्या. वीस वर्षं खेड्यांतून आरोग्य परिचारिका, आता इतर परिचारिकांवर देखरेख करण्याचं शिक्षण घेत होत्या.

सकाळी पोंगल वाढताना म्हणाल्या, "मागल्या खेपी बाळ मीच तोललं, नाळ मीच पाहिली. मज वाटलं, मार्क पडतील. नापास!"

कारण परीक्षा शिकाऊ परिचारिकेकडून काम करवून घेण्याची होती.

"घरातही तेच," त्यांचे यजमान म्हणाले. "मी कांदा घेतला की सुरी हिच्या हाती."

"तुम्ही कापता त्याला कांदा म्हणायचं काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांची फेरपरीक्षा तिरुवैयारूला होती. मलाही कावेरी पाहायची होती, म्हणून एकाच टाउन बसने निघालो. अर्ध्या तासाचा रस्ता, तिकीट किरकोळ. उभं राहायची तयारी ठेवा. परीक्षा एका बाळंतिणीच्या घरी होती. घरच्यांनी मला ओट्यावर बसू दिलं. उघड्या दारातून पुढची खोली दिसत होती. बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. अक्कांनी नंतर अर्थ सांगितला.

सेल्वी नावाच्या शिकाऊ परिचारिकेने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पिशवी ठेवली, हात धुतले. तेवढ्यात आजीने कॉफीचा पेला तिच्या हातात दिला. तिने तो बाजूला ठेवला आणि तोच हात पिशवीकडे नेला.

अक्का अर्ध्या उठल्या. कोपऱ्यात बसून गुण लिहिणाऱ्या त्यांच्या शिक्षिकेचं पेन थांबलं. अक्का पुन्हा बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, "सेल्वी, हात."

सेल्वी परत नळाकडे गेली.

आता आजी बिथरली. बाळ थेट अक्कांपुढे धरून म्हणाली, "मोठी तू आहेस. ही पोर कशाला? तूच बघ."

अक्कांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "आजी, बाळाची परिचारिका ती आहे. मी तिच्यासोबत आले."

आजी पुटपुटली, पण बाळ सेल्वीला दिलं. नाळ पाहून सेल्वीने आईला दूध पाजताना बाळ कसं धरायचं ते दाखवलं. तिने थोडा जास्तच वेळ घेतला. अक्कांचे हात पदराखालीच होते. चुकलेलं त्यांनी सेल्वीला बाहेर, नदीकडच्या वाटेवर सांगितलं. घरच्यांसमोर एक शब्द नाही.

परतून आठवडा झाला. राजवाड्याचे फोटो खूप आहेत, पण कुणी विचारलं की मी त्या खोलीबद्दलच सांगतो. काम येणाऱ्या माणसाला हात आवरणं किती जड जातं, ते मी तिथे पाहिलं.

अक्कांच्या नेमणुकीचा आदेश या महिन्यात येईल अशी अपेक्षा आहे. त्याआधी, येत्या मंगळवारी, त्या घरी पुढची भेट आहे. सेल्वी एकटी जाणार आहे.