आईला शकूकडं सोडलं तो दिवस

नारायणगाव मागं पडलं तेव्हा आई गाडीच्या मागच्या सीटवर मेथी निवडत होती.

दिवाळी संपून आठवडा झाला होता. दिवाळीच्या चार दिवसांत आई स्वयंपाकघर आणि गोठा सोडून कुठं दिसलीच नाही, हे माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंजूच्या, लक्षात आलं. मंजू कॉलेजात शिकवते आणि घरी आली की आम्हालाही शिकवते. तिनं फर्मान काढलं, "रविवारी आईला सुट्टी. तिनं काडीलाही हात लावायचा नाही." अप्पांनी शेजारच्या काकांना म्हशींच्या धारा काढायला सांगितल्या, मी पुण्याहून गाडी आणली. एवढी तयारी झाल्यावर आई पदराखाली मेथीची जुडी घेऊन गाडीत बसली.

"आई, दे ती इकडं," मंजू म्हणाली.

"आगं, नुसतं बसून काय करू? रस्ता तर गाडी कापतीय."

जुडी जप्त झाली. मग तिच्या पायाशी एक पिशवी निघाली. पहाटे चारला उठून केलेल्या दशम्या (दुधात पीठ मळून केलेल्या भाकऱ्या) आणि शेंगदाण्याची चटणी. आम्ही रागावलो. जुन्नर येईपर्यंत दोन-दोन खाल्ल्याही.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी अप्पांनी गुडघ्यांकडं बोट दाखवलं आणि चहाच्या टपरीवर बैठक मारली. आम्ही तिघं चढू लागलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि जवळपास तेवढीच माकडं. पन्नासाव्या पायरीवर एका हुप्प्यानं माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि कठड्यावर बसून उरलेल्या दशम्यांचा समाचार घेतला. चटणी मात्र त्यानं हुंगून खाली फेकली.

"तिखट लागली आसंल," आई काळजीनं म्हणाली.

पिशवी मी नीट का धरली नाही, यावरून मंजूची आणि माझी जुंपली. मग फोटो. "आई, इकडं बघ. आई, पदर नीट घे. आई, हस ना!" तिसऱ्या फोटोनंतर ती म्हणाली, "तुमी या सावकाश," आणि भराभर चढून गेली.

आम्ही वर पोचलो, गिरिजात्मजाचं दर्शन घेतलं. आई दिसेना. मंदिराच्या ओसरीत नव्हती, पाण्याच्या टाक्यापाशी नव्हती. तिला फोन लावला, तर तिचा फोन खाली अप्पांच्याच खिशात होता. अप्पा म्हणाले, "इकडं न्हाई आली." एका बाजूला सरळ तुटलेला कडा, आणि आई साठीची. मंजू "आई, आई" करत बाकीच्या लेण्यांकडं धावली.

एक रखवालदार बोटानं गप्प बसायची खूण करत आला.

"हिरव्या लुगड्यातल्या मावशी तुमच्याच का? ओरडू नका राव. झोपल्यात त्या."

लेण्यात भिक्खूंच्या छोट्या खोल्या आहेत, आत दगडातच कोरलेले बाक. त्यातल्या एका बाकावर आई उशाला हात घेऊन गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं. दिवसाउजेडी झोपलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मंजू डोळे पुसत मटकन दारात बसली. मी तिच्या शेजारी. पाऊण तास आम्ही तिला उठवलं नाही.

आई उठली तेव्हा आम्हाला पाहून ओशाळली. "लई गार वाटलं बघ. आन् कुणी हाकबी मारंना."

आमच्या बेतात पुढं शिवनेरी होती, मग हॉटेलातलं जेवण, मग साडीचं दुकान. मंजूनं फोनवरची ती यादी पुसून टाकली. "आई, तुला कुठं जायचंय?"

आईनं पदर झटकला. मग म्हणाली, "मला शकूकडं सोडा."

"कोण शकू?"

गाडीत कळलं. घोडेगावच्या शाळेत दोघी एका बाकावर होत्या. खो-खोच्या संघातही. आमची आई खो-खो खेळायची! शकूला डिंभे धरणाच्या कडेच्या एका वाडीत दिली, आणि गेली कित्येक वर्षं भेट फक्त लग्नकार्यात, तीही अक्षता हातात धरून.

घोडेगाव सोडल्यावर डोंगर जवळ आले. भातं कापून झालेली, शेतांत धसकटं (कापणीनंतर उरलेले बुडखे), आणि पलीकडं धरणाचं निळं पाणी. वाडीच्या टोकाला एक उंच बाई भात झोडत होती. गाडी थांबली तशी ती कपाळावर हात धरून बघत राहिली.

"आगं बाई, कमळे!"

आमच्या आईला कमळे म्हणणारं कुणी जगात आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दोघी गळ्यात पडल्या. लगेच आईनं पदर खोचला आणि भाताची पेंढी उचलली. शकूमावशीनं ती हिसकावली.

"हात लावलास तर बघ! हे कशाला आणलेत मग?" ती आमच्याकडं वळली. "पावणं, आत या. चूल येती का पेटवाया?"

येत नव्हती. धुरानं माझे डोळे गेले. मंजूला तांदळाच्या भाकरीनं घाम फोडला. पीठ परातीला चिकटे, आणि सुटलं की तुटे. अप्पांना पाट्यावर चटणी वाटायला बसवलं. गुडघ्यांचा विषय त्यांनी काढला, पण मावशी म्हणाली, "पाट्यावर हातानं वाटत्यात, भाऊजी." कालवण तेवढं तिनं सकाळीच करून ठेवलं होतं.

मग दोघी पाण्याकडं गेल्या. दोन तास. मधूनच हसण्याचा आवाज यायचा, आईचा की मावशीचा ते ओळखू येत नव्हतं. एकदा मी डोकावून पाहिलं. आई काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती आणि हातवारे करून काहीतरी सांगत होती. घरी ती ऐकते. सांगताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

जेवायला पहिलं ताट आईला वाढलं. मंजूनं धीर करून विचारलं, "भाकरी कशी झालीय?"

"करपलीय," आई म्हणाली. "आजून एक दे."

निघताना दिवस कलला होता. मंचरच्या पुढं अप्पांनी चाचरत विचारलं, "मग? बरं वाटलं का?"

"लई बरं वाटलं. फकस्त पुढच्या खेपेला तुमी येऊ नका. मला एसटीत बसवून द्या."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

महिन्याभरानं आम्ही तिघंही तिला सोडायला स्टँडवर गेलो. सूचना भरपूर दिल्या: पोचल्यावर फोन कर, वेळेवर जेव, पाण्यात फार पुढं जाऊ नकोस. ती खिडकीपाशी बसली. एसटी हलली तसे आम्ही हात हलवू लागलो. आई शेजारच्या बाईशी बोलत होती. तिनं मागं पाहिलंच नाही.