पांढरं तेलात, हिरवं वाफेवर

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा उजवा हात मोडला तो कापसाच्या बंडीवरून पडून. बंडीत भरलेला कापूस पायांनी दाबायला त्या वर चढल्या होत्या. बैल दोन पावलं पुढे सरकले आणि त्यांचा तोल गेला. आमचं गाव नेर या तालुक्याच्या ठिकाणापासून बरंच आत. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावांनी, गळ्यातल्या दुपट्ट्यात त्यांचा हात बांधला आणि एसटीनं त्यांना यवतमाळला आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले.

भासरे नवऱ्याला म्हणाले, "हिले इथंच राहू दे. घरी बसाले जागा नाही. दोन्ही खोल्यांत कापूस भरला हाय."

आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, त्या वर्षांतली ही गोष्ट. सरकारी कापूस खरेदी केंद्र आज सुरू होईल, उद्या होईल, असं करत लोक घरात कापूस साठवून बसले होते. त्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते. जाऊबाईंचा धड असलेला डावा हात मी पाहिला तर मनगटापासून खांद्यापर्यंत लाल पुरळ होतं. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात कारकून होते. माहेर नोकरदारांचं, सासर शेतकऱ्यांचं, पण नवऱ्याचीही नोकरी असल्यामुळे आम्ही लोहाऱ्याच्या रस्त्याला तीन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. गावी जायचे ते सणापुरती. जाऊबाईंना मी 'बाई' म्हणायचे, त्यांच्याशी नीट वागायचे, पण खरं सांगायचं तर त्यांच्याशी बोलायला माझ्याजवळ फारसं काही नसे.

त्या हिवाळ्यात मी दर रविवारी एका डॉक्टरीणबाईंच्या घरी स्वयंपाकाच्या वर्गाला जात होते. पाच-सहा जणी होतो. मंचुरियन, फ्राइड राइस, नूडल्स. यवतमाळात चायनीजच्या गाड्या नुकत्याच लागू लागल्या होत्या आणि माझ्या दोन्ही मुलींना त्याचं वेड होतं. मी एक वही केली होती, सोया सॉसची, व्हिनेगरची, चिली सॉसची अशा तीन बाटल्या आणल्या होत्या आणि त्या बाहेरून दिसतील अशा फळीवर मांडल्या होत्या.

जाऊबाई आल्या त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी घरी नूडल्स केले. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून पाहत होत्या. मी पातीच्या कांद्याची जुडी घेतली, हिरवी पात वरून पेरायला बारीक चिरली आणि खालचे पांढरे कांदे मुळ्यांसकट केराच्या टोपलीत टाकले. वर्गात तसंच लिहून घेतलं होतं, 'सजावटीसाठी कांद्याची पात'. जाऊबाई उठल्या, डाव्या हातानं ते कांदे टोपलीतून वेचले, नळाखाली धरले आणि एका वाटीत ठेवून परत जागेवर जाऊन बसल्या.

जेवताना त्यांना काटा-चमचा जमेना. डाव्या हातानं त्या नूडल्स उचलायच्या आणि ते घसरून ताटात पडायचे. मुली हसल्या, त्याही हसल्या.

"मोठी आई, कसे झाले?" धाकटीनं विचारलं.

"चांगले हायेत वो," त्या म्हणाल्या. "शेवयाच त हायेत, तिखटाच्या."

मुली उठून गेल्यावर मात्र ताटावरून नजर न उचलता मला म्हणाल्या, "खारट झालं. अन् गिच्चा झाला. पोरींसमोर बोलली नाही मी."

मला राग आला. सोया सॉस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी मला शिकवावं, असं काहीतरी मनात आलं. मी नुसतंच "हो का" म्हटलं आणि भांडी आवरायला घेतली. पण नूडल्स खारट झाले होते आणि त्यांचा चिकट गिच्चाही झाला होता. मुलींनी अर्धे ताटात टाकले होते, ते मला दिसत होतं.

चार दिवसांनी, मी कार्यालयातून आले तेव्हा त्यांनी स्वतःहून विषय काढला. "त्या शेवया आनखी हायेत का घरात? असल्या त आज करून पाहू. हात तुये, सांगनं मायं."

तशी आमची सुरुवात झाली. मी गॅससमोर, त्या स्टुलावर. नूडल्स त्यांनी कधी शिजवले नव्हते, पण हातच्या शेवया उभ्या जन्मात किती केल्या असतील त्याला गणती नाही. "मधात कणी राह्यली पाह्यजे, तवाच उपस," म्हणाल्या, म्हणजे आत जरा कच्चं असतानाच पाण्यातून काढ. मी पाकिटावरची मिनिटं पाहत होते. त्या म्हणाल्या, "तथी नको पाहू, एक तोडून पाह्य." चाळणीत काढल्यावर वरून थंड पाणी ओतायला लावलं आणि हाताला तेल लावून त्यावरून फिरवायला सांगितलं. शेवया सुट्या झाल्या.

मग सॉस. पातीचे पांढरे कांदे, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या आणि दोन वाळल्या मिरच्या खलबत्त्यात नुसत्या ठेचायच्या, वाटायच्या नाहीत. हा ठेचा तेलात मंद आचेवर. "पांढरं तेलाचं असते, हिरवं वाफेचं," त्या म्हणाल्या. "पांढऱ्याले येळ दे. त्याचा सारा वास तेलात उतरला की तेच तेल तुयं सॉस. हिरवं मात्र गॅस बंद केल्यावर टाकजो, वरून झाकन ठेवजो. चिरली पात तेलात शिजवली त तिचा पाला होते."

पहिल्या वेळी माझा ठेचा करपला. त्यांनी डाव्या तळहातावर थेंबभर घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "कडू झालं. फेक." तेल फेकायला माझा जीव होईना. "फेक म्हणते ना. कडूवर काहीबी टाकलं तरी ते कडूच राह्यते." दुसऱ्यांदा मी घाईनं उतरवलं आणि ते कच्चं राहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकल्या. पण त्या कढईचा आवाज ऐकत होत्या. सुरुवातीला तडतड होती, ती हळूहळू बसली, नुसती सरसर उरली आणि तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बस. आता उतरव." त्या तेलात चमचाभर सोया सॉस, लिंबू आणि गुळाचा एवढासा खडा. बाकी दोन्ही बाटल्या फळीवरच राहिल्या.

त्या संध्याकाळी ताटात काही उरलं नाही. मोठीनं बोटं चाटली. जाऊबाईंनीही मागून घेतलं.

पुढच्या वर्गाला मी हाच सॉस डब्यात घालून नेला. डॉक्टरीणबाईंनी चाखला, पुन्हा चाखला आणि विचारलं, "हे कुठं शिकलात तुम्ही?" सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, "असंच, घरी करून पाहताना सुचलं." त्या म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी तुम्हीच दाखवा."

परत येताना मला घर येऊ नये असं वाटत होतं. जाऊबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आवडलं का त्याईले?" आणि मला राहवलं नाही.

"बाई, मी खोटं बोलले. मला सुचलं म्हणून सांगितलं."

त्यांनी प्लास्टरवरचा पदर सारखा केला. मला वाटलं, दुखावल्या.

"मले तरी कोठी सुचलं?" त्या म्हणाल्या. "सासूबाई पातीचा झुणका असाच करत. बसवून शिकवलं मले त्यांनी, दोनदा करपला त दोनदा फेकाले लावला. तू लग्न होऊन आली तवा त्या नव्हत्या, म्हून तुले दिसलं नाही. नाहीतर तुलेबी तिथूनच भेटलं असतं. त्या तुयाबी सासूच होत्या ना."

सासूबाईंना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं.

"पन पुढच्या रविवारी खरं सांगून टाक," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुलेच घास गोड नाही लागनार."

मी त्यांनाच सोबत नेलं. गळ्यात अडकवलेलं प्लास्टर, त्यावरून घेतलेला पदर, पायांत नवऱ्यानं आणून दिलेल्या नव्या चपला. डॉक्टरीणबाईंच्या दारात मीच म्हणाले, "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. हा सॉस माझ्या जाऊबाईंचा आहे." डॉक्टरीणबाईंनी स्वतः खुर्ची उचलून ओट्याजवळ ठेवली. "बसा बाई. आज तुमचा वर्ग."

जाऊबाई जरासुद्धा बुजल्या नाहीत. एकीनं विचारलं, "गॅस किती ठेवायचा?" त्या म्हणाल्या, "तुमचा गॅस मले नाही समजत. आवाज ऐका." सहा बायका कढईवर वाकून आवाज ऐकत उभ्या राहिल्या, ते दृश्य आजही मला दिसतं. दुसरीचा ठेचा करपला. ती सॉस घालून सावरू पाहत होती, तर जाऊबाईंनी नुसता हात हलवला आणि तिनं निमूटपणे ते ओतून दिलं. इतक्या दिवसांच्या वर्गात कुणी कुणाचं बिघडलेलं असं फेकायला लावलं नव्हतं. आम्ही एकमेकींचं सगळंच 'छान छान' म्हणून खात होतो.

शेवटी बायका बाजाराबद्दल कुरकुर करू लागल्या. पात मरगळलेली येते, पिवळी येते, कधी येतच नाही. चायनीजचे गाडीवाले सकाळीच सगळी उचलून नेतात. जाऊबाई ऐकत होत्या. घरी येताना त्यांनी मला दोनदा विचारलं, "इतकी पात लागते का त्या गाड्यांले?"

प्लास्टर निघालं तेव्हा हात कोपराशी थोडा वाकडा राहिला. मुली रडल्या. जाऊबाई गावी गेल्या.

पुढचं मला नवऱ्याकडून आणि नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. खरेदी केंद्र सुरू झालं होतं, घरातला कापूस एकदाचा गेला होता. भासऱ्यांनी विहिरीजवळच्या तुकड्यात फरदड ठेवली होती. वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन उभा ठेवलेला कापूस म्हणजे फरदड. बोंडांत अळी होती, तरी पुन्हा थोडा फुटेल अशी त्यांना आशा. जाऊबाई म्हणाल्या, त्यातला विहिरीलगतचा भाग मला द्या. भासरे म्हणाले, "कांद्याच्या पातीनं का घर चालते?"

"फरदडीनं चालून राह्यलं का?" त्या म्हणाल्या.

भासरे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिथली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटली. कोठीत कोंब फुटलेले कांदे पडून होते, खायच्या कामाचे नव्हते. जाऊबाईंनी ते त्या वाकड्या हातानं वाफ्यांत लावले. महाशिवरात्रीच्या आसपास पहिली पात निघाली. त्यांनी जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेरला नेल्या आणि स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवाल्यासमोर ठेवल्या. त्यानं विचारलं, "रोज आणता का काकू?"

मी त्यांना पाहायला गेले ते पुढच्या हिवाळ्यात. गावातून परत निघाले तेव्हा जाऊबाई आणि भासरे दोघंही मला नेरपर्यंत पोचवायला आले. यवतमाळच्या गाडीला वेळ होता. जाऊबाई भासऱ्यांना म्हणाल्या, "चाला, तुमाले आपली पात दाखवते." भासरे म्हणाले, "आपली पात मी वावरात पाह्यली हाय." पण आले. चायनीजच्या गाडीसमोरच्या लाकडी बाकावर आम्ही तिघं बसलो. गाडीवाल्यानं मोठ्या आचेवर कढई हलवली आणि प्लेट भासऱ्यांच्या हातात दिली. पांढऱ्या धोतराला लागू नये म्हणून त्यांनी दुपट्टा मांडीवर पसरला आणि खाली मान घालून खायला सुरुवात केली.

"यात आपली हाय?" त्यांनी मध्येच विचारलं.

"काकू आणतात तीच," गाडीवाला म्हणाला. "दुसऱ्याची मी घेत नाही."

भासऱ्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. मग पुन्हा प्लेटकडे. सगळं संपवून त्यांनी हात पुसला आणि गाडीवाल्याला म्हणाले, "आनखी एक दे. गाडीले येळ हाय."

जाऊबाई माझ्याकडे वळून मुलींच्या परीक्षांचं विचारू लागल्या, जणू त्यांनी काही ऐकलंच नव्हतं.

त्यानंतरही त्यांच्या वावरात कापूस होता, काही वर्षं बरी गेली, काही वाईट. पण त्या भेटीनंतरच्या उन्हाळ्यात विहिरीजवळच्या वाफ्यांत शेणखत पडलं आणि वाफे तिनाचे सात झाले. ते भासऱ्यांनी केलं होतं, कोणी न सांगता.