हाः केलं आणि पान मिटलं

दुसरीनंतर शाळेनं माझं तोंड बघितलं नाही. आमची लेक मात्र कॉलेजात झाडं शिकते. ती एकदा म्हणाली, "पप्पा, पानाला खालून बारीक बारीक तोंडं असतात. उजेडात उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात." त्या दिवशी तिची घाई होती, दुसऱ्या दिवशी सरांना त्या उघड्या तोंडांचे फोटो दाखवायचे होते. नाहीतर प्रोजेक्ट गेला.

चाळीच्या गॅलरीत कुंडी ठेवून ती आंघोळीला गेली. "नुसतं लक्ष ठेवा. हात लावू नका."

हात नाही लावला. लुंगी लावली. शेजारची चाळ पाडतायत, पानांवर ही धूळ! चष्म्यावर करतो तसं हाः करायचं, पुसायचं. वरून, खालून. अर्धा तास मेहनत केली राव.

आंघोळ करून आल्यावर तिनं पानाखाली बिनरंगी नेलपॉलिश लावलं, सुकल्यावर सेलोटेपनं उचललं, मायक्रोस्कोपखाली धरलं.

"सगळी बंद! काल तर उघडी होती." डोळ्यांत पाणी.

बायको म्हणाली, "अहो, काय केलंत?"

"नुसतं हाः." करून दाखवलं. दोघी मागे सरकल्या.

लेक रडायची थांबली. "पप्पा, तुमच्या श्वासात तोच गॅस, बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. पानाला वाटलं, भरपूर मिळतंय. मग तोंड उघडं ठेवून आतलं पाणी कशाला घालवायचं? म्हणून मिटलं."

"म्हणजे मी सुरू झालो की झाडपण तोंड मिटतं?"

बायको म्हणाली, "मी नाही मिटलं, म्हणून तर सुकले."

लेकीनं तसलीच दुसरी कुंडी गॅलरीच्या पार त्या टोकाला ठेवली. मला पहिलीसमोर बसवलं. "हाः करत राहा. तिकडे फिरकायचं नाही."

शेजारीण बादली घेऊन जाताना म्हणाली, "भावजी, दमा झाला काय?"

"नाय वहिनी, कॉलेज करतोय."

मग लेकीनं दोन्हीकडची पानं तपासली आणि अशी ओरडली की मला वाटलं परत वाट लावली. माझ्याकडची मिटलेली, तिकडची उघडी. दोन्हींचे फोटो काढले. म्हणे सरांना आता दोन्ही दाखवते.

मलापण बघायला दिलं. काय सांगू! दोन नाजूक ओठ, मध्ये फट. एवढंसं तोंड, ना डोकं ना शाळा, तरी किती घ्यायचं, कधी मिटायचं सगळं ठाऊक. मी तर लग्नाच्या पंगतीत अजून शिकतोय. बघतच राहिलो.

"पप्पा, श्वास का रोखलाय?"

"मिटेल ना ते."

"अहो, हा नेलपॉलिशचा ठसा आहे. घ्या श्वास."


तरी मी तोंड बाजूला करूनच घेतला.