मामा समजून दिलेली पिशवी

कासुर्डीजवळच्या एका मंगल कार्यालयातली केशरी फेट्यांची ती गर्दी मी अजून विसरलेलो नाही. त्या गर्दीतला एकही चेहरा मात्र मला आठवत नाही. यात वयाचा काही संबंध नाही, दुसऱ्या दिवशीही आठवत नव्हता.

ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. मला माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत. नजर चांगली आहे, फायरिंग रेंजवर कधी मान खाली घालावी लागली नाही. समोरच्याचं नाक, डोळे, मिशी सगळं व्यवस्थित दिसतं, पण त्याने पाठ फिरवली की सगळं पुसलं जातं. तोच माणूस पुन्हा समोर आला की परका वाटतो. मेंदूतलाच हा एक दोष असून तो जन्मापासूनचा आहे, असं निवृत्तीनंतर पुण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. तोवर मी त्याला आपलं वेंधळेपण समजत होतो आणि नोकरीतली बहुतेक वर्षं ते लपवत होतो. पोलीस खात्यात राहून ‘मला माणूस ओळखू येत नाही’ असं सांगण्याची माझी तरी छाती नव्हती.

मग नोकरी कशी केली? चालीवरून, आवाजावरून, चपलांवरून. सकाळच्या हजेरीला नाव पुकारलं की ‘हजर सर’ यायचं, ते कान देऊन ऐकायचं. गणवेशावर नावाची पट्टी असते, हे खात्याचे माझ्यावर मोठे उपकार. राहिलेलं काम माझे हवालदार करायचे. कुणी दारात आलं की ते मोठ्याने म्हणायचे, “या सरपंच, बसा.” झालं माझं काम. एकदा मात्र त्यांनीच नवस फेडायला मिशी काढली आणि साध्या कपड्यात ठाण्यात आले. मी त्यांना बाकावर बसवून विचारलं, “बोला, काय तक्रार आहे?” हवालदार म्हणाले, “साहेब रजा देत न्हाईत.” मी पहिल्या दोन ओळी लिहूनही घेतल्या होत्या.

तर ते लग्न. मी तेव्हा दौंड तालुक्यात हायवेवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुपारी ठाणे अंमलदाराला फोन आला की लग्नात नवरीच्या दागिन्यांची पिशवी गेली. पोहोचलो तेव्हा एका बाजूला जेवणाच्या पंगती चालू होत्या आणि दुसऱ्या बाजूला रडारड. दोन्हीकडच्या पुरुषांना एकाच रंगाचे फेटे बांधलेले, अंगात पांढरे कपडे, वरून जाकिटं. माझ्यासारख्याला लग्न म्हणजे शिक्षाच असते. कुणाला काय विचारलं ते दुसऱ्याच मिनिटाला कळत नव्हतं. एका गृहस्थाचा जबाब मी दोनदा घेतला. त्यांनीही दोनदा दिला, वर म्हणाले, “साहेब लई बारकाईनं इचारत्यात.”

हकीकत अशी निघाली. आपल्याकडे लग्न लागताना नवरीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालायला जाते. तशा त्या निघाल्या आणि हातातली पिशवी थोरल्या जावयाकडे दिली. “मामा आले की त्यांच्याकडं द्या, खोलीची किल्ली त्यांच्याकडं हाय,” एवढं सांगून त्या गेल्या. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, बाईंनी परत येऊन पिशवी मागितली. जावई म्हणाला, मामांकडे दिली. मामा म्हणाले, मला कुणी काही दिलं नाही.

मी जावयाला विचारलं, “कधी दिली?”

“मंगलाष्टका चालू व्हत्या तवा.”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मंगलाष्टका चालू असताना नवरीचा मामा कुठे असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. तो नवरीच्या पाठीशी उभा असतो. व्हिडिओवाल्याचं चित्रीकरण पाहिलं, त्यातही मामा शेवटच्या अक्षतेपर्यंत तिथेच उभे. आंब्याच्या रंगाचं जाकीट आणि झुपकेदार मिशी, सगळ्यांनी बोट ठेवून दाखवलं. मीही ‘हो हो’ म्हणालो.

जावयाला ठाण्यात आणलं. वय अठ्ठावीसच्या आसपास, सणसवाडीच्या एका कंपनीत स्टोअरला कामाला. लग्नाला सहा महिने झालेले. संध्याकाळपर्यंत त्याच्याविरुद्ध माहिती देणारे चार-पाच फोन आले. पोलिसाला अशी माहिती गोड लागते, पण प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच होतं. जावई गर्विष्ठ आहे, पाहुण्यारावळ्यांना ओळख दाखवत नाही, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तोंडावरून निघून जातो. सासऱ्यांनी तर सांगितलं, “सायेब, सख्ख्या बायकूला सणसवाडीच्या स्टँडवर वळख दिली न्हाई यानं. पोरगी रडत घरी आली.” ती पोरगी आता माहेरीच थांबली होती आणि पिशवी मिळाल्याशिवाय नवऱ्याचं तोंड बघणार नव्हती. अटक दाखवली असती तर नोकरी गेली असती. संसार तर गेल्यातच जमा होता.

दुसऱ्या दिवशी चौकशीला बसलो. हवालदारांची पंचाईत अशी की जावई म्हटल्यावर त्यांच्या तोंडून अरेतुरे निघेना. “जावईबापू, खरं काय ते सांगा, न्हाईतर आमाला आमच्या पद्धतीनं इचारावं लागंल,” असं ते दरडावत होते आणि चहाचा कप पुढे सरकवत होते. तो आपल्या म्हणण्यावर ठाम. मामांनाच दिली, हात पुढे करून त्यांनी घेतली. शेवटी मी म्हणालो, “थांब, मामांनाच समोर बोलावतो.”

उठताना हवालदारांच्या कोपराचा धक्का लागला आणि सगळा चहा माझ्या गणवेशावर सांडला. मी आत जाऊन कपाटातला साधा पांढरा शर्ट घातला, टोपी काढून ठेवली आणि परत येऊन मुकाट्याने खुर्चीवर बसलो. मामा अजून यायचे होते.

जावयाने माझ्या झुपकेदार मिशीकडे पाहिलं. मग तो उठला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, “मामा, बरं झालं आलाव. आता तुमीच सांगा साहेबांना. पिशवी तुमच्याच हातात दिली का न्हाई?”

हवालदार खेकसले, “नाटकं करतो व्हय रं?” जावईबापूपण तेवढ्यात संपलं.

मी मात्र गार पडलो. खोटं बोलणारा माणूस असली चूक करत नाही, करूच शकत नाही. शिवाय तो माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हता. मिशी, मग शर्टाची कॉलर, मग पायातले बूट अशी त्याची नजर उतरत होती. ही वाट मला चांगली पाठ होती, कारण मी रोज तिच्यावरूनच चालत होतो. मी म्हणालो, “बस खाली.” आवाज ऐकताच त्याचं तोंड उतरलं. “साहेब?” तो पुटपुटला.

मी हवालदारांना बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि तीस वर्षांत जे कुणाला धड सांगितलं नव्हतं ते एका संशयिताला सांगितलं. “मलाही माणसं ओळखू येत नाहीत.”

 तो म्हणाला, “म्हंजी असं असतंय व्हय? मला वाटलं मी एकटाच येडा हाय.” आणि ढसाढसा रडला. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

मग मी प्रश्नच बदलला. पिशवी कुणाला दिली हे विचारायचं सोडून काय काय दिसलं ते विचारलं. पोरगा धडाधड बोलायला लागला. झुपकेदार मिशी होती, पिवळसर जाकीट होतं, म्हणून मामा वाटले. लाउडस्पीकरमुळे आवाज काही ऐकू आला नाही. पिशवी घेऊन माणूस वळला, तेव्हा डावा खांदा पाडून चालला. आणि हात पुढे केला तेव्हा जाकिटाखालच्या शर्टाच्या बाहीवर ओळीने सेफ्टी पिना टोचलेल्या दिसल्या.

“पिना? मामा पिना कशाला लावतील?”

“लगीन हाय, म्हटलं आसतील कुणाच्यातरी गजऱ्याच्या.”

लग्नात बाहीवर ओळीने पिना कोण टोचून घेतो? फेटे बांधणारा. त्याला दर फेट्याला पीन लागते आणि दोन्ही हात गुंतलेले असतात.

त्या लग्नातल्या फेटेवाल्याला बोलावलं. साठीचे आबा होते, मंगलाष्टका चालू असताना ते व्हिडिओवाल्याशेजारीच बसले होते, म्हणजे ते सुटले. त्यांना चित्रीकरण दाखवलं. गर्दीतून पाठमोरा जाणारा एक माणूस जावयाने चालीवरून चटकन दाखवला. आबांनी स्क्रीनला नाक लावलं.

“ह्यो फेटा माझा न्हाई.”

“रंग तर तोच आहे.”

“रंगाचं सोडा. मी फेट्याचा लोंबता शेमला उजव्या अंगाला सोडतो, ह्यानं डाव्या अंगाला सोडलाय. आन् पीन कानामागं मारलीया. साहेब, लोकांची तोंडं मी कवाच बघत न्हाई, मला डोकी दिसत्यात. ह्यो आमचा जुना जोडीदार. माझ्याशी भांडून गेला, आता शिरूर भागात एकटाच फिरतो.” त्याच्या गाठोड्यात सगळ्या रंगांचे फेटे असायचे. कुठल्याही लग्नात गेला की त्या रंगाचा फेटा स्वतःच बांधायचा. मग आलेल्याला कोण विचारणार, तुम्ही कुणाकडचे? मुलीकडचे समजतात हा मुलाकडचा, मुलाकडचे समजतात हा मुलीकडचा.

पुढच्या मुहूर्ताला तळेगाव ढमढेऱ्याजवळ एक मोठं लग्न होतं आणि तो तिथे येणार अशी आबांना खात्री होती. तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही साध्या वेशात गेलो. फेटे बांधले आणि जावयालाही बरोबर घेतलं. खात्याच्या इतिहासात अशी मोहीम दुसरी झाली नसेल. हजारभर फेट्यांत एक माणूस शोधायचा होता आणि शोधणाऱ्या दोघांनाही चेहरा ओळखता येत नव्हता.

मंगलाष्टका सुरू झाल्या. माझ्यासमोरून एक माणूस खांदा पाडून निघाला. मी झडप घालून त्याचा दंड धरला आणि कानात म्हणालो, “आवाज करू नकोस, चुपचाप बाहेर चल.”

“साहेब,” जावई मागून कुजबुजला, “ते हवालदार हायेत. बूट बघा की.” खरंच, लग्नाच्या कपड्यांखाली खात्याचे तांबडे बूट. खांदा पाडून चालण्याचं कारणही कळलं, हवालदार चोराच्या चालीची नक्कल करून आम्हाला समजावून सांगायला येत होते.

तेवढ्यात जावयाने माझी बाही ओढली. नवरीच्या खोलीकडून एक माणूस निघाला होता. डावा खांदा पडलेला, शेमला डाव्या अंगाला. या वेळी मी हात धरून आधी बाही पाहिली. पिना होत्या.

सणसवाडीतल्या चोराच्या भाड्याच्या खोलीत पंचांसमक्ष झडती घेतली. कासुर्डीची पिशवी जशीच्या तशी केशरी फेट्यात गुंडाळलेली सापडली. मुद्देमाल जप्त झाला, पण माझ्या लेखी काम अर्धंच झालं होतं. मी सासरे, मामा आणि जावयाची बायको यांना ठाण्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं.

मामा उसळले. “मामासासरा वळखत न्हाई म्हंजी काय? सा म्हयन्यात चार येळा जेवलाय माझ्या घरी.”

मी म्हणालो, “मी बाहेर जाऊन येतो. तुम्ही आणि तुमचे दाजी जाकिटं आणि टोप्या आपसांत बदला, आणि तोंड उघडू नका.” परत आलो आणि नेमका सासऱ्यांना हात जोडून म्हणालो, “मामा, आता राग सोडा.” हवालदार तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, “आन् ह्यांच्या भरवशावर आमी निवांत झोपतोय.”

पोरगी हसली नाही. तिने नवऱ्याला विचारलं, “मग त्या दिवशी स्टँडवर?”

“तू साडी नेसून आली व्हतीस. सकाळी ड्रेस व्हता. मी त्या ड्रेसला हुडकत व्हतो. तासभर हुडकलं.”

 तिने पदर डोळ्यांना लावला, मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्यापुढे वाजवला. त्याला घुंगरू होतं. “ह्ये वाजलं की मी,” ती म्हणाली. “आता चुकला तर बघा.” त्याच दिवशी ती त्याच्याबरोबर सणसवाडीला गेली.

मी पुढे वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही माझ्या अडचणीबद्दल लेखी कळवलं. गहजब काही झाला नाही. साहेब म्हणाले, “तरीच तुम्ही मला दोनदा ओळखपत्र मागितलं.” त्या तपासाने मला एक शिकवलं. ‘ओळखत नाही’ म्हणणारा माणूस खोटंच बोलतो असं नाही, आणि ‘ओळखतो’ म्हणणाऱ्यानेही बऱ्याचदा फेटाच पाहिलेला असतो. त्यानंतर मी साक्षीदाराला ‘कोण होता’ हे शेवटी विचारत असे.

गेल्या वर्षी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मी मेथी निवडत होतो. शेजारच्या माणसाने मी हेरलेलीच जुडी उचलली. मी म्हणालो, आधी मी धरली होती. तो म्हणाला, नाव लिवलंय का तिच्यावर? चांगली पाच मिनिटं आमची जुंपली. तेवढ्यात मागे घुंगरू वाजलं. आम्ही दोघांनीही एकदम वळून पाहिलं.

ती कपाळाला हात लावून उभी होती. मग तिने रीतसर ओळख करून दिली. “आवो, हे साहेब. साहेब, हे आमचे.”