होडीच्या संडासाचे पाइप

धसईजवळ मी शिडाच्या होडीचं काम केलंय, असं सांगितलं की लोक हसतात. हसा खुशाल. समुद्र तिथून लांब, हे मलाही ठाऊक आहे. पण एका मुंबईच्या शेठचं तिथे फार्महाऊस होतं आणि पावसाळ्यात तो होडी समुद्रात ठेवत नसे. मे महिन्यात ट्रेलरवर घालून आणायचा, दिवाळीच्या सुमारास परत न्यायचा. मधले महिने ती भाताच्या खाचरांच्या मधोमध, पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची. लावणीला जाणाऱ्या बायका तिच्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या.

तिथला राखणदार माझा मामा. जमीन आधी त्याचीच होती. भावांनी वाटण्या मागितल्या, जमीन विकली गेली, शेठने घेतली आणि मामालाच तिथे ठेवलं. कोपऱ्यात एक खोली दिली. मामा-मामी तिथे राहायचे, भाजी लावायचे, आणि मामाला सकाळी उठल्याबरोबर आपली जमीन दिसायची. एवढंच सुख त्याला होतं, आणि तेही शेठच्या मर्जीवर. "शेठ बिघडला का मंग गेटाच्या बाहेरनं बघायची जमीन," असं तो म्हणायचा. हसत म्हणायचा, पण म्हणायचा.

मी किन्हवलीचा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कल्याणला नळकाम शिकून आलो होतो आणि मला शिंगं फुटली होती. मामाने शेठकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि होडीच्या संडासाचे पाइप बदलायचं काम मला मिळालं.

होडीतला संडास हा काय प्रकार असतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. शेठने गरम पाण्यात फडकं पिळलं, जुन्या पाइपाला घट्ट गुंडाळलं, थोड्या वेळाने सोडलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. अरे देवा! पाइप कुठेही फुटलेला नव्हता, वास रबरातून झिरपत होता. "सगळे बदल," म्हणाला, नवे पाइप टाकले आणि मुंबईला निघून गेला.

दोन दिवस मी त्या होडीच्या पोटात आडवा होतो. जुन्या पाइपात आतून पांढरा चुन्यासारखा थर धरलेला, बोट जेमतेम जाईल एवढीच वाट. नवा पाइप दगडासारखा कडक. मामीने चुलीवर पाणी उकळून द्यायचं, मी त्यात पाइपाचं तोंड बुडवून मऊ करायचं आणि घाईघाईने तोटीवर चढवायचं. घरी आईने दोन्ही दिवस मला ओसरीवरच जेवायला वाढलं. अंघोळ करून आलो तरी!

संडास धुवायचं पाणी आत घेणारा जुना पाइप होडीच्या तळातल्या तोटीपासून निघायचा, भिंतीच्या कडेने पार छतापर्यंत चढायचा, तिथे वळायचा आणि पुन्हा खाली भांड्याकडे यायचा. मला हसू आलं. हा कसला उलटा धंदा?

मामा बाहेरून डोकावून बघत होता. म्हणाला, "जसा जुना होता तसाच बसव रे. त्यांचा काय कारण असंल."

"मामा, तू गप बस," मी म्हणालो. "जन्मभर खाचरातलं पाणी वरनं खाली सोडलंस, आणि मला पाणी डोंगरावर चढवायला सांगतोस?"

आणि मी वळसा काढून टाकला. तोटी ते भांडं, सरळ आखूड पाइप. दोन हात पाइप वाचला म्हणून वर फुशारकीही मारली. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, सुरळीत गेलं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत शेठ आला. मी त्याच्याच विहिरीचा पंप बघायला तिथे होतो. तिकडे समुद्रात होडी बुडाली होती. खोल नव्हे, बांधलेल्या जागीच, पण कठड्यापर्यंत. समुद्रावर तरंगणाऱ्या होडीत संडास पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. छतापर्यंतचा तो वळसा समुद्राला आत येऊ न देण्यासाठी असतो. पाहुणे येऊन गेले, तळातली तोटी उघडी राहिली, आणि माझ्या त्या सरळ पाइपातून समुद्र आरामात आत आला. खाली पाणी आत शिरायला टपून बसलेलं असतं, हे आमच्या खाचरांत कुणी पाहिलेलं नाही. पण विचारता तर आलं असतं! तेवढी अक्कल नव्हती मला.

"पाइप कुणी कापला?" शेठ माझ्या अंगावर धावून आला.

मामा मध्ये पडला. "मी सांगितला त्याला. वाकडा दिसला म्हून सरळ करायला लावला."

माझी जीभ टाळ्याला चिकटली. खोटं सांगतो, चिकटली वगैरे काही नाही. मी हिशेब करत होतो. मुरबाड-शहापुरात फार्महाऊस उठत होती, नाव खराब झालं तर एकही काम मिळणार नव्हतं. मी खाली बघत उभा राहिलो. शेठने मामाला आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली.

मामा-मामी शेणव्याला, मामीच्या माहेरी गेले. माझं काम वाढलं, पुढे मोटारसायकल आली, घराला स्लॅब पडला. मामाने भाच्यावरच्या मायेपोटी सगळं आपल्या अंगावर घेतलं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीवर मी सात-आठ वर्षं काढली.

एकदा शेणव्याला गेलो, तेव्हा मामा अंगणात वालाच्या शेंगा सोलत होता. मीही समोर बसून सोलू लागलो. शेवटी धीर करून म्हणालो, "मामा, त्या दिवशी तू मला वाचवलंस. मी बोलायला पाहिजे होतं."

"जाऊ दे रे" ऐकायला मी आलो होतो. मामाने मान वर केली नाही.

"होय, पाहिजे होता," तो म्हणाला. "शेठ तुझ्या अंगावर आला, मला बघवला नाय, म्हून मी तोंड उघडला. पन मला वाटला, आता बोलशील, आता बोलशील. सामान घेऊन गेटापर्यंत आलो ना, तवापरयंत वाट बघितली तुझी."