अर्धा ढीग तिकडे

आमच्या कारखान्यात चार-पाच मशिनी जवळजवळ मांडून एकेक गट केलाय. त्याला सेल म्हणतात. आमच्या सेलमध्ये पंपाची झाकणं येतात. एकीनं भोक पाडायचं, दुसरीनं धुवायचं, मी तपासून क्रेटमध्ये लावायचं. झाकणांचा अख्खा लॉट आमच्याकडेच यायचा. आम्ही मान वर न करता राबायचो आणि शेजारच्या सेलमधल्या बाया मशीन पुसत बसायच्या. मग सुपरवायझर ताईंनी लॉट फोडला. अर्धा आमच्याकडे, अर्धा तिकडे.

सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र धास्ती वाटली. नववीतून शाळा सुटलेली, घर वाशिम जिल्ह्यात, मी इकडे चाकणला, आणि कंत्राट याच महिन्यात संपणार. काम अर्धं झालं, तर माणसं तेवढीच कशाला ठेवतील? क्रेट भरून झाली की मी तपासलेलीच झाकणं परत उचलून पुसत राहायची. हात रिकामे दिसू नयेत म्हणून.

पुसता पुसता वाशिमकडच्या मालेगावजवळचं आमचं वावर आठवायचं. बाबा उपटलेली सगळी मेथी मायपुढंच आणून टाकायचे. ती जुड्या बांधून घामाघूम, आणि काकू तिकडे मुळे धुऊन मोकळी. मग माय ओरडायची, "अर्धा ढीग तिकडे न्या ना! मले काय चार हात हायेत?"

काकू फुरंगटायची. "मी काय बसून राह्यली काय वं?"

"हात मोकळे झाले ना? मंग चहा मांड!"

आमच्याकडे रीतच होती: ज्याचे हात आधी मोकळे, त्यानं चहा मांडायचा. मेथीच्या ओल्या वासात तो चहा पिऊन बाबा मोटरसायकलवर भाजी बांधायचे. रिकाम्या हातांची तिथं कुणाला भीती नव्हती.

"हे झाकण मघाशीच पुसलंस ना?" ताई मागं उभ्या होत्या.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "ताई, मला काढणार का?"

त्या हसल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या. "अगं, एकीकडे ढीग आणि एकीकडे रिकामं, यानंच गाडी भरायला उशीर व्हायचा. म्हणून फोडला लॉट. मोकळी झालीस की सांग, तिकडे तपासायला माणूस कमी आहे. आणि कंत्राट वाढवायला तुझं नाव मी कधीच दिलंय."

मी फडक्याची घडी करून ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत मायला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "हात रिकामे होते त त्या बाईले चहा काहून नाही देल्ला वं?"

"माय, इथं चहाची मशीन हाये."

"मंग बटन त दाबता येते ना!"

दुसऱ्या दिवशी माझी क्रेट आधी भरली. ताईंना सांगितलं, आणि पलीकडच्या सेलकडे जाता जाता मशीनचं बटन दाबलं. एक कप त्यांना, एक तिकडच्या धुणारीला.