वरच्या खोलीतली वही

“सुटलं ना? मग लिहिलं का?”

हे ती कोणालाही विचारायची. कॉम्प्युटरला, नळ दुरुस्त करणाऱ्याला, मला. विचारताना बोट टेबलावर दोनदा आपटायची. टेबल नसलं तर स्वतःच्या कपाळावर.

ती माझी वरच्या खोलीतली भाडेकरू. चाळिशीची, एकटी. घर जुन्या वस्तीत, महाल भागात, पण तिथल्या गल्लीतल्या हॉर्नमध्ये तिचं काम जमेना, म्हणून मनीषनगरात आमच्याकडे आली. काम काय, तर वीस एजंट सांभाळायचे. एजंट म्हणजे माणसं नाहीत, कॉम्प्युटरमधले प्रोग्राम. काम सांगितलं की आपल्या बुद्धीनं करतात. मी चौथी शिकलेला माणूस, तिनं सांगितलं तसं सांगतो.

“हुशार आहेत, काकाजी, पण सकाळी सारं विसरतात. एक जण आज चार तास डोकं आपटून गाठ सोडवते. उद्या दुसरा त्याच गाठीवर डोकं आपटून राहिला असते.”

म्हणून तिनं त्यांच्यासाठी कॉम्प्युटरातच एक सामायिक वही केली. ज्याचं सुटलं त्यानं अडचण आणि उपाय लिहायचा. बाकीच्यांनी कामाला हात लावण्याआधी वही पाहायची.

मला हे पटलं नाही. मी चाळीस वर्षं कूलर दुरुस्त केले. आमच्या धंद्यात कोणी कोणाला सांगत नाही. माझा उस्ताद पंप उघडताना खांद्यावरचा दुपट्टा असा धरायचा, की बाजूच्याला त्याची फक्त पाठ दिसावी. मीही तसाच झालो.

“सारं सांगून टाकलं तं त्यायनं पोट कशावर भरावं वं?” मी म्हटलं.

“त्यायले पोटच नाही, काकाजी.”

माझी बायको तोंडाला पदर लावून हसली. तिचं त्या बाईशी चांगलं जमलं होतं. दुपारी मी कामावर गेलो की दोघी वर बसून काय काय बोलायच्या, देव जाणे.

एकदा त्या वहीनं मोठा घोटाळा केला. एका एजंटानं लिहिलं, अडलं तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करा. त्याचं काम दहा मिनिटांचं, त्याला ते चाललं. उरलेल्या एकोणीस जणांनी इमानदारीनं वही वाचली आणि आपापलं आठ-आठ दिवसांचं काम पुसून टाकलं. वरून अशी किंकाळी आली, की माझी बायको हातात लाटणं घेऊन जिन्यावर धावली. तिला वाटलं चोर शिरला.

ती बाई कपाळावर बोट आपटत बसली होती. “माहीच चूक. उपाय लिहा म्हटलं, पण तो कुठं चालत नाही ते लिहा म्हटलंच नाही.”

त्या दिवसापासून वहीत आणखी एक रकाना आला. कुठे वापरू नये.

“बाप्पा, हा रकाना तं माणसायलेही पाहिजे,” बायको म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मागच्या थंडीत बायको गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. त्यावर जास्त लिहीत नाही. लोक आले, बोलले, जेवले, गेले.

मग एप्रिल आला. आमच्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. मी घरचा कूलर काढला. बनवलेला माझाच, पण दर उन्हाळ्यात लावायची बायको, कारण तेव्हा मी दुसऱ्यांच्या घरी असायचो. पाणी सोडलं तर डावीकडची गवताची ताटी चिंब, उजवीकडची कोरडी. पंप बदलला. नळ्या फुंकून काढल्या. ताट्या नव्या घातल्या. तीन दिवस गेले. कूलरवाल्याचाच कूलर चालेना.

गरमीचं मला काही नव्हतं. पण हा चालला नाही, तर तिच्यामागं या घरातलं मला काहीच येत नाही, हे पक्कं होणार होतं. तिखटाचा डबा कोणता, हे मला डबे उघडून पाहावं लागत होतं.

तिसऱ्या दिवशी ती बाई खाली आली. मी टाकीला लाथ मारत होतो.

“काकाजी, वही पाहिली का?”

“माह्या कूलरचं तुह्या वहीत काय असन वं?”

“काकूनं लिहाले लावलं होतं. मीही विसरलीच होती.” ती वर जाऊन लॅपटॉप घेऊन आली आणि वाचू लागली. “अडचण, कूलरची उजवी बाजू कोरडी राहते. उपाय, मागच्या डाव्या पायाखाली फरशीचा तुकडा ठेवणे. फक्त याच खोलीत, कारण फरशीले उतार आहे. कुठे वापरू नये...”

तिनं लॅपटॉप अर्धा मिटला.

“वाच ना!”

“यायच्यासमोर वापरू नये. फरशी त्यायनं स्वतः उभं राहून बसवून घेतली. उताराचं त्यायले सांगू नये, दिवसभर जेवत नाहीत.”

दुसऱ्याच्या घरी मी आधी कूलर सरळ उभा आहे का ते पाहतो. स्वतःची फरशी वाकडी असेल, हे मनातच आलं नाही. इतके उन्हाळे ती तुकडा ठेवून वरून पोतं टाकत होती. आणि यंदा घर झाडताना तो तुकडा कचरा समजून मीच फेकला होता.

अंगणातून दुसरा तुकडा आणून ठेवला. दोन्ही ताट्या ठिबकू लागल्या. मी हसलो. मग तोंड धुवायला गेलो. बराच वेळ धुतलं.

परत आलो तर ती बाई टाकीवर बोट आपटत उभी. “सुटलं ना?”

त्यानंतर दोन महिने दुपारी मी तिच्या टेबलाशी बसलो आणि चाळीस वर्षांचं सगळं ओतलं. जाम झालेला पंप, जळका वास, करंट मारणारा पत्रा. दर वेळी ती अडवायची, “कुठं वापरू नये?” मारे उस्ताद म्हणवून घेत होतो, पण हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता.

पावसाळा संपता संपता कंपनीनं तिला पुण्याला बोलावलं. दोन बॅगा घेऊन गेली. रिक्षात बसताना बोट आपटायला काही सापडलं नाही, तर माझ्या हातावरच आपटलं.

आता वर नवरा-बायको राहतात. परवा त्यातली पोरगी खाली आली. तिला कूलरखालचा तुकडा दिसला.

“काकाजी, हा काहून ठेवला?”

“मले काय माहीत?” मी म्हटलं. “मले सांगाचं नाही, असं लिहून ठेवलं हाय.”

आणि तुकड्यावर पोतं ओढलं.